भाटकर काकांचा वजनकाटा

भाटकर काका पहिल्यांदा परदेशातल्या आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा बसायच्या आधी त्यांनी आमच्या मिक्सरचं वजन केलं. विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतो ना, तो यांच्या शर्टाच्या खिशात कायम. मिक्सर लटकवला, आकडा पाहिला आणि हळहळले, "चार किलो दोनशे! कसे राहता रे तुम्ही?"

काका समोरच्या घरात राहतात. छत्तीस वर्षं जहाजांवर काढली, चीफ इंजिनिअर म्हणून उतरले. इंजिनाच्या बाबतीत हा माणूस म्हणजे कमाल आहे. एकदा बसमध्ये दांडीवर तळहात ठेवून मला म्हणाले, "हिला दोन स्टॉपांत दम लागणार." दुसऱ्या स्टॉपवर बस बंद! मी त्या तळहाताकडे बघतच राहिलो.

निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं, शिडाची कॅटॅमरान घ्यायची आणि काकूंना घेऊन समुद्रातून रत्नागिरीला घरी जायचं. कॅटॅमरान म्हणजे शेजारीशेजारी दोन निमुळत्या होड्या आणि त्यांना जोडणारं वरचं घर. पंचाईत अशी की घर जितकं ऐसपैस, तितकी बोट जड आणि मंद. "प्रत्येक किलो वेग खातो," असं काका उठताबसता म्हणायचे. त्यांनी टूथब्रशच्या दांड्या कापल्या. पुस्तकांचे पुठ्ठे काढून टाकले. काकूंचा पाटा-वरवंटा तर यादीतून पहिल्याच दिवशी खोडला. "तेरा किलो! हा घेऊन इथून जवळच्या मलाक्कापर्यंत तरी पोचू का?"

"मग चटणीही विसरा," काकू म्हणाल्या.

काकूंना बस लागते. लिफ्टसुद्धा लागते. त्यांची अट एकच होती, बोट चालू असताना ओट्याशी उभं राहून पोळी लाटता आली पाहिजे. नाहीतर त्या विमानाने जाणार आणि काका समुद्रात पुन्हा एकटे.

शेवटी दोन बोटी उरल्या. एक हलकी, सडसडीत. दुसरी रुंद, जाड गाद्यांची, म्हशीच्या चालीची. काकांचा जीव पहिलीवर. पोळपाट-लाटणं घेऊन आम्ही तिघं बोटी लावायच्या मरीनावर पोचलो, तशी बोट विकणारी बाई हसायलाच लागली. "अंकल, किचन ऑलरेडी गॉट, लाह!" बोटीत स्वयंपाकघर आहेच म्हणे.

आधी रुंद बोट. काकूंनी पोळी अगदी गोल लाटली. काका जांभया देत होते.

मग ती सडसडीत. शीड भरलं मात्र, आणि अहाहा! नांगरलेली अजस्र जहाजं भराभर मागे पडायला लागली. इंजिन नाही, धडधड नाही, नुसता पाणी कापल्याचा आवाज. छाती दडपली माझी, पण थांबू नये असंही वाटत होतं. जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. सुकाणूवर तळहात ठेवून काका उभे होते, डोळे भरलेले, विशीतल्या पोरासारखे.

तेवढ्यात आतून लाटणं टणाटण घरंगळत आलं. काकू ओटा दोन्ही हातांनी गच्च धरून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. काकांकडे बघून हसल्या. "छान आहे हो. हीच घ्या. मला जमेल."

काकांनी लाटणं उचललं आणि रुमालाने पुसलं.

दुसऱ्या दिवशी कळलं, रुंद बोट पक्की झाली. मलाच राहवलं नाही. "काका, अहो, तो वेग!"

"अरे, वेग लागायचा तो घरी पोचायला," ते म्हणाले. "इंजिनरूममध्ये एकेक दिवस मोजायचो. आता ही शेजारी असताना पळून जायचंय कुठे?"

गेल्या रविवारी ते लिफ्टपाशी भेटले. सामान बोटीवर चाललं होतं. चादरीत गुंडाळलेला पाटा काकांनी छातीशी धरला होता, वरवंटा काकूंच्या पिशवीत.

"किती भरला?" मी चिडवलं.

"काय माहीत! काटाच सापडत नाहीये," काका म्हणाले.

काटा त्यांच्या खिशातून डोकावत होता.