दाभोळकरांच्या दारातली परीक्षा

आमच्या अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये हॅलोवीनच्या संध्याकाळी भुताखेतांचे वेष करून दारोदार फिरणाऱ्या पोरांना कुठल्याही दारात चॉकलेट मिळे. दाभोळकरांच्या दारात मात्र आधी परीक्षा असे. दाभोळकर चॉकलेटांचं वाडगं छातीशी धरून उभे राहत आणि म्हणत, "फुल नेम, प्लीज!" मग समोरच्या भुतानं किंवा चेटकिणीनं त्यांच्या मुलीचं नाव पूर्ण आणि स्पष्ट उच्चारायचं. मुलीचं नाव त्रिपुरसुंदरी. भुतं थंडीत कुडकुडत "ट्रिपुरा... ट्रिपुरा..." करत बसत. एखादं लहानगं भूत रडकुंडीला येई. दाभोळकर शांतपणे पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवत.

हा प्रकार वर्षभर चाले. पिझ्झाच्या दुकानात मुलीच्या नावानं ऑर्डर दिली आणि "ट्रिश!" अशी हाक आली, तर दाभोळकर जागचे हलत नसत. पिझ्झा गार होऊन जाई. वर आम्हालाच विचारत, "चार वर्षांच्या पोरांना डायनोसॉरची नावं तोंडपाठ असतात हो! मग माझ्या मुलीच्या नावालाच यांची जीभ का वळत नाही?"

मुलगी बिचारी शाळकरी. शरमेनं तिचे कान लालबुंद होत. एकदा मला म्हणाली, "काका, आय जस्ट वॉन्ट टू बी ट्रिश." खरं सांगतो, दाभोळकरांबरोबर दुकानात जायचं म्हटलं की मलाही चोरट्यासारखं होई.

त्या वर्षी हॅलोवीनला मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. बेल वाजली. दारात भोपळ्याच्या वेषातला नातू आणि त्याला घेऊन आलेले आजोबा. दाभोळकर "फुल..." एवढंच म्हणाले, तोच आजोबा आनंदानं ओरडले, "पीट! सो दिस इज युवर हाउस!"

ते दाभोळकरांच्या ऑफिसातले साहेब निघाले.

दाभोळकरांनी काही न विचारता भोपळ्याच्या पिशवीत ओंजळभर चॉकलेटं ओतली, कसंबसं हसले आणि दार लावून घेतलं.

"बाबा," त्रिपुरसुंदरीनं विचारलं, "हू इज पीट?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उगाच चहात बिस्कीट बुडवत राहिलो, ते विरघळून तळाला गेलं. दाभोळकर मान खाली घालून खुर्चीत बसले.

"ऑफिसात पहिल्याच दिवशी साहेबांनी नाव विचारलं," ते म्हणाले. "पुरुषोत्तम म्हणायला माझी जीभच रेटेना. मीच म्हटलं, कॉल मी पीट. त्यांनी ट्रायसुद्धा केलं नव्हतं गं. मलाच माझ्या नावाची लाज वाटली. तुला ती वाटू नये, एवढंच..."

"देन हू कॉल्स यू पुरुषोत्तम?"

दाभोळकर विचारात पडले. मीही पडलो. वहिनी नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यांचं आपलं 'अहो'. मुलगी 'बाबा' म्हणते, आम्ही सगळे 'दाभोळकर'.

"तुझी आजी म्हणायची," ते म्हणाले. "फोनवर."

आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पुन्हा बेल वाजली. दाभोळकर उठले नाहीत. त्रिपुरसुंदरीनं वाडगं उचललं आणि दार उघडलं. बाहेर दोन चाचे, शेजारचीच पोरं. शिक्षा भोगावी तशी ती सुरू झाली, "ट्रिपुरा..."

"नॉट माइन," ती म्हणाली. "टुडे यू से माय डॅड्स. पुरुषोत्तम. फुल नेम, प्लीज."

तिचे कान लाल झालेले मला बसल्या जागेवरून दिसत होते. पण ती दारातून हलली नाही. बापासारखंच एकेक अक्षर तोडून म्हणून दाखवत राहिली. चाचे अडखळले, हसले, पुन्हा अडखळले. मग एकदाचं जमलं, तेव्हा दोघांनी मिळून अख्खी गल्ली ऐकेल अशी आरोळी ठोकली, "पुरुषोत्तम!"

दाभोळकर खुर्चीत दचकले आणि आतून आईनंच हाक मारल्यासारखे चटकन म्हणाले, "ओ!"