पडद्याकडे पाठ

आमचे शेजारी नंदूकाका भुताचे सिनेमे पडद्याकडे पाठ करून बघतात. खोटं सांगत नाही. टीव्हीच्या बाजूला, आपल्याकडे तोंड करून, ते प्लास्टिकची खुर्ची टाकतात, चष्मा पुसतात आणि दोन तास आमच्या पायांकडे बघत राहतात. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या साडीला काहीतरी लागलंय.

"पायच बघायचे असतात, बाई," काका म्हणाले. मी शाळेत शिकवते, म्हणून सगळ्या मुरुडची मी बाई. "तोंड लबाड असतं. घाबरलं तरी हसतं. पायांना लबाडी नाय जमत."

कॅसेटच्या जमान्यात बाजारात काकांचं व्हिडिओ सेंटर होतं. खिडक्यांना गोणपाट, बसायला बाकडी. तेच तेच सिनेमे बघून कंटाळलेले काका गिऱ्हाइकांकडे बघत बसत. त्यातून त्यांना शोध लागला की खरी भीती वाटली, की माणूस आधी पाय उचलून बाकड्यावर घेतो. भर वाऱ्यात होडी घालणारे कोळीसुद्धा घेत. भूत पडद्यावर, ते बाकड्याखालून कसं येणार? पण पाय वर! काकांना याचं आजही नवल वाटतं.

आता दर रविवारी दुपारी तीनला त्यांच्या घरी खेळ असतो. प्रेक्षक तीन. मी, समोरच्या लॉजचे रफीकभाई आणि काकांची बायको, सुमनकाकू. पडदे ओढायचे, पंखा बंद करायचा. पंख्याच्या आवाजानं भीती पातळ होते म्हणे. आम्ही घामानं निथळतो, पण काकांपुढे बोलायची सोय नाही.

"भूत दाखवलं की सिनेमा मेला," हे त्यांचं ठाम मत. "बंद दार दाखवा. दारामागे ज्याचं त्याचं भूत ज्यानं त्यानं आणलेलं असतं. खर्च शून्य!" एकदा रफीकभाई उशी छातीशी धरून बसले असताना काकांनी टीव्हीचा आवाजच बंद केला. पडद्यावर केस पिंजारलेली बाई नुसतीच तोंड वासत राहिली आणि रफीकभाई खो खो हसायला लागले. "बघा," काका म्हणाले, "अर्धं भूत वाजवणाऱ्याचं असतं."

त्यांचा सगळ्यात लाडका सिद्धांत मात्र कपाटाचा. कपाटात खुनी लपलाय हे आपल्याला दाखवायचं, घरातल्या मुलीला नाही. मग तिला निवांत वेणी घालू द्यायची. "ती मजेत असते, मरतो आपण!" आणि खरंच तसं होतं. रफीकभाई तर तिला हाका मारतात. "या अल्ला, अगं आधी कपाट बघ ना!"

एकट्या सुमनकाकू स्वस्थ असतात. "मुलगी फार बारीक आहे हो," त्या म्हणतात. "घरात कोणी जेवायला घालत नाही वाटतं."

एके काळी याच काकू मुरुडमधल्या सगळ्यात भित्र्या बाई होत्या. पडद्यावर सिनेमाची नावं यायच्या आत त्यांचे पाय बाकड्यावर असत. नवी कॅसेट आली की काका आधी त्यांना दाखवत आणि मगच लावत. दोन वर्षांपूर्वी काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग नातवंडांची नावं. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलं आणि छोट्या गोळ्या दिल्या.

मी एकदा न राहवून विचारलं, "काका, त्यांना हे असले सिनेमे कशाला दाखवता?"

काकांनी चष्मा पुसला. "बाई, घाबरायला आधी कपाटातला माणूस ध्यानात राहावा लागतो. तिच्या तो राहत नाय. एकदा, एकदाच दचकली ना, तर मला कळेल की मागचं काहीतरी अजून धरून आहे ती." मग खाली बघून म्हणाले, "परवा चहा दिला तिला. म्हणाली, तुमचं गाव कुठलं?"

त्यांच्या पाठमोऱ्या बसण्याला मी इतके दिवस हसत होते याची लाज वाटली. ते बघत होते फक्त दोनच पाय.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सिनेमा ऐन रंगात आला होता. त्या दिवशी होड्या उशिरा लागल्या होत्या, म्हणून मंजुळा कोळीण सकाळऐवजी दुपारी दारात आली. "काका, पापलेट हाय, एकदम ताजा!" काका उठून बाहेर गेले. मासा घेताना ते प्रत्येकाचे कल्ले उघडून बघतात, त्यामुळे वेळ लागणारच होता.

पडद्यावर मुलगी वेणी घालत होती. माझे पाय कधीच वर गेले होते. इतक्यात काकूंनी माझं मनगट धरलं. हात गार पडला होता. त्या टीव्हीकडे बघतच नव्हत्या, रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या.

"हे कुठं गेले?"

"कोण, काकू?"

"आमचे हे. आत्ता इथं होते."

मी काही सांगायच्या आत त्या उठल्या, भिंतीला धरत दारापर्यंत गेल्या आणि पडदा सारला. पायरीवर काका, हातात पापलेट.

"सांगून जायला काय होतं तुम्हाला?" काकू कडाडल्या. "माणसाचा जीव टांगणीला लागतो!"

मंजुळा म्हणाली, "काका, देऊ ना?" काकूंवरची नजर न काढता त्यांनी मान हलवली, तर तिनं आख्खी पाटी रिकामी केली.

पुढच्या रविवारी सिनेमा मध्यावर आला तेव्हा काका उठले. "मी जरा पाणी पिऊन येतो हं," असं काकूंना मुद्दाम मोठ्यानं सांगून आत गेले. भांड्याचा आवाज आला नाही, माठाचाही नाही. दाराआड ते नुसते उभे होते. मी आणि रफीकभाई काकूंकडे बघत होतो. मिनिट गेलं, दोन गेली. एवढी भीती मला कुठल्याच सिनेमात वाटली नव्हती.

मग काकूंनी हळूच मान वळवली.

"आले नाहीत हो अजून?"

"आलो, आलो!" स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला.