साध्या दिवसाची मोजणी

सासुरवाडीच्या रस्त्यावरून किती गाड्या जातात हे मोजण्याची वेळ कुठल्याही जावयावर येऊ नये. पण या जावयाचा धंदाच तो होता. कुठे नवी इमारत व्हायची असली की तिच्यामुळे रस्त्यावर किती गर्दी वाढेल याचा अहवाल देणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो वाहतूक अभियंता होता. आजवर मोजायचं त्याने आणि सही करायची साहेबांनी, असं चाललं होतं. या खेपेला साहेबांनी फाईल त्याच्या टेबलावर टाकली आणि म्हणाले, "हा अहवाल तुझा. सहीसुद्धा तुझीच."

त्याने आनंदाने फाईल उघडली आणि पत्ता दोनदा वाचला. बंद पडलेल्या एका फर्निचरच्या गोदामाच्या जागी तीन मजली इमारत येणार होती आणि तिच्यात नुसते दवाखाने. दातांचा, डोळ्यांचा, हाडांचा, कानाचा. त्या गोदामाच्या भिंतीला भिंत लागून जे घर होतं, ते त्याच्या सासऱ्यांचं.

"साहेब, तिथे माझी सासुरवाडी आहे."

"मग बरंच झालं. चहाची सोय झाली."

साहेबांना चहापलीकडे काही दिसत नव्हतं. त्या घरात या इमारतीवरून उभी फूट पडली होती, हे त्यांना कुठून माहीत असणार? सासरे निवृत्त खेळशिक्षक. गुडघे गेले, पण गळ्यातली शिट्टी गेली नव्हती. हाडांचा डॉक्टर शेजारी येणार म्हटल्यावर त्यांना उद्याच आला तर हवा होता. सासूबाईंचं म्हणणं असं की आत्ताच फाटकातून गाडी बाहेर काढताना जीव मुठीत धरावा लागतो, त्यात साऱ्या गावाचे दात आणि डोळे आपल्या दाराशी कशाला? त्या गेले कित्येक दिवस नवऱ्याशी मीठ-साखरेपुरतंच बोलत होत्या.

अभियंत्याने मात्र मनाशी पक्कं ठरवलं. सही आपली, तर आकडे खरे. मोजणीच्या नियमात एक गोष्ट त्याला देवासारखी होती, ती म्हणजे साधा दिवस. सुट्टी नको, पाऊस नको, सभा नको, मिरवणूक नको. रस्ता रोज जसा वागतो तसाच त्या दिवशी वागला पाहिजे. त्याने असा एक दिवस निवडला आणि बायकोला सांगितलं, "परवा तुझ्या माहेरच्या रस्त्यावर मोजणी आहे. कुणाला बोलू नकोस."

"मी कुणाला कशाला बोलतेय?" बायको म्हणाली. ती खरंच कुणाला बोलली नाही. फक्त आईला बोलली.

त्या दिवशी सकाळी अभियंता चमकणारं जाकीट घालून, सासऱ्यांच्या कुंपणाशी घडीची खुर्ची मांडून बसला. हातात मोजणीचं यंत्र. गाडी गेली की बटण दाबायचं, टिक. तो या यंत्राला टिकटिकी म्हणत असे. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग एक निळी गाडी गेली, जिचा आरसा मोडका होता. टिक. थोड्या वेळाने आणखी एक निळी गाडी गेली. तिचाही आरसा मोडका. अभियंत्याला नवल वाटलं. तिसरी मोडक्या आरशाची निळी गाडी आली तेव्हा त्याने आत वाकून पाहिलं. स्टिअरिंगवर सासूबाईंच्या मैत्रीण होत्या, शिवणकाम शिकवणाऱ्या बाई. त्या सरळ समोर बघत होत्या, जणू परीक्षेला बसल्या आहेत.

निळ्या गाडीमागे पिवळी स्कूटर, स्कूटरमागे लाल गाडी. तिघीही गोदामाच्या उघड्या अंगणात शिरायच्या, वळायच्या आणि परत रस्त्यावर यायच्या. आणि मग सगळ्यांच्या मागून सासऱ्यांची जुनी गाडी, काळा चष्मा लावलेल्या सासूबाई चालवताहेत. अभियंता खुर्चीतून उठलाच.

"आई, तुम्ही? कुठे निघालात?"

"भाजी आणायला."

"अहो, आत्ता तर आणलीत ना?"

"सगळ्या भाज्या एका दुकानात मिळतात का, जावईबापू? सरका, मागे खोळंबा होतोय. तेवढा लिहून घ्या खोळंबा."

हे कमी होतं म्हणून की काय, रस्त्याच्या टोकाकडून शिट्टी ऐकू आली. सासरे चौकाच्या तोंडाशी उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला कवायतीच्या थाटात हात करत होते. "पुढे रस्ता बंद! मागच्या गल्लीने जा! तुम्ही, तुम्ही, टोपीवाले! मागच्या गल्लीने!" एवढ्या करड्या आवाजात सांगितल्यावर कोण विचारणार, रस्ता का बंद आहे म्हणून? माणसं निमूट वळत होती. म्हणजे जी गाडी रोज या रस्त्याने जाते ती आज जात नव्हती आणि जी कधीच जात नाही ती सारखी जात होती. अभियंत्याने टिकटिकी खिशात टाकली. त्याला आतून रडू येत होतं.

"बाबा, हे काय चालवलंय?"

"रस्ता मोकळा दिसायला नको? इमारत मंजूर व्हायला नको?"

"मला खरं काय ते मोजायचंय!"

"मग मोज की. मी कुठे अडवतोय?" सासऱ्यांनी एका टेम्पोला शिट्टी मारली.

ऑफिसात साहेबांना त्याचं दुःख कळेना. "आल्यात ना गाड्या? मग लिही."

"साहेब, तीच गाडी परत परत आली."

"परत आली तरी गाडीच ना ती? हे बघ, शुक्रवारी नगरपालिकेच्या समितीची बैठक. तोपर्यंत तुझे आकडे आले तर ठीक. नाहीतर मागच्या अहवालातले घालून टाकू."

"तो अहवाल सिनेमागृहाचा होता!"

"माणसंच येतात रे दोन्हीकडे."

सिनेमाच्या खेळाचे आकडे हाडांच्या डॉक्टरला लावायचे आणि खाली आपली सही ठोकायची, या विचाराने अभियंत्याला दरदरून घाम फुटला. तो जात्याच भित्रा माणूस होता. साहेबांसमोर त्याचा आवाज बसायचा, सासूबाईंसमोर तो निघायचाच नाही. पण त्या संध्याकाळी तो इरेला पेटला. त्याने आयुष्यात प्रथमच बायकोशी डाव खेळायचं ठरवलं.

"आता गुरुवारी परत मोजणी," तो जेवताना सहज सांगितल्यासारखं म्हणाला. "कुणाला बोलू नकोस."

"मी कुणाला कशाला बोलतेय?" बायको म्हणाली आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

गुरुवार त्याने नुसता हवेत सोडला होता. मोजायचं होतं मंगळवारी. मंगळवारी सकाळी तो जाकीट न घालता, खुर्ची न घेता, तोंडावर रुमाल बांधून, गोदामासमोरच्या लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसला. तिथून समोरचा रस्ता दिसायचा आणि बसक्या गोदामावरून मागची गल्लीही दिसायची. लाँड्रीवाल्याने त्याला खिडकीशी जागा करून दिली, वर चहा आणला.

"बरं केलंत आलात ते. खालून काही दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"रंगीत तालीम हो! गुरुवारी मोजणी आहे ना, त्याची आज तालीम आहे. तुमच्या सासूबाईंनी सगळ्यांना वेळा वाटून दिल्यात. माझा डिलिव्हरीचा टेम्पोसुद्धा घेतलाय."

अभियंत्याने कप खिडकीत ठेवून दिला. तेवढ्यात खाली पहिली निळी गाडी आली. मागून पिवळी स्कूटर, लाल गाडी, टेम्पो, आणि आज भर म्हणून शिवणवर्गाच्या सगळ्या विद्यार्थिनी आपापल्या वाहनांवर. चौकातून शिट्टी कडाडली. सासऱ्यांनीही आज एकट्याने न भागवता सकाळी फिरायला जाणारे सगळे म्हातारे हाताशी धरले होते. प्रत्येक कोपऱ्यावर एकेक उभा, काठी आडवी धरून.

दुसरा कुणी असता तर तिथेच कपाळाला हात लावून बसला असता. हाही बसला, थोडा वेळ. मग त्याने टिकटिकी बाहेर काढली. आलोय तर मोजतोच, असं तो दात ओठ खाऊन स्वतःला म्हणाला. आणि मोजता मोजता त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले.

सासूबाईंची फौज गोदामात शिरत होती, वळत होती, बाहेर पडत होती. उद्या पेशंटच्या गाड्या दुसरं काय करणार होत्या? इतके दिवस पुस्तकं चाळून तो जी गर्दी कल्पनेने उभी करत होता, ती सासूबाईंनी फुकटात रस्त्यावर आणून दाखवली होती. आणि ती गर्दी तुंबत होती कुठे? बरोबर गोदामाच्या फाटकाशी. आत वळणारी एक गाडी समोरच्यांना थांबवायची आणि तिच्यामागे सगळा रस्ता ठप्प व्हायचा. लाल गाडी आणि टेम्पो तर तोंडाला तोंड लावून उभे होते आणि शिवणकामाच्या बाई खाली उतरून दोघांनाही खडे बोल सुनावत होत्या.

उलट मागच्या गल्लीकडे पाहावं, तर सासऱ्यांनी लावून दिलेली सगळी गावची वाहतूक तिथून लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. ना हॉर्न, ना भांडण. एवढी रुंद गल्ली आजवर नुसती धूळ खात पडली होती.

"इमारत होऊ दे," अभियंता पुटपुटला. "फाटक मागे हवं!"

"काय म्हणालात?" लाँड्रीवाल्याने विचारलं.

"काही नाही. आणखी एक चहा मिळेल का?"

आता उरला होता फक्त साधा दिवस. तो बुधवारी आपण होऊन चालत आला. तालमीने सगळी फौज दमून घरी झोपली होती, सासऱ्यांचा घसा बसला होता आणि लाँड्रीचा टेम्पो कपडे पोचवत होता. रस्ता रोजच्यासारखा वागत होता. अभियंत्याने खिडकीत बसून मनसोक्त मोजलं. गुरुवारी सासुरवाडीच्या रस्त्यावर सगळ्यांनी जीव ओतून मुख्य प्रयोग केला. तो बघायला कुंपणाशी फक्त एक रिकामी घडीची खुर्ची होती आणि तिच्या पाठीवर चमकणारं जाकीट, दोन्ही पहिल्या दिवशी राहून गेलेली. अभियंता ऑफिसात बसून अहवालावर सही करत होता. आपली सही इतकी चांगली येते, हे त्याला माहीत नव्हतं.

शुक्रवारी समितीच्या सभागृहात डावीकडे सासूबाई आणि शिवणवर्ग, उजवीकडे सासरे आणि फिरायला जाणारे म्हातारे, अशी बैठक होती. बायको मधल्या वाटेवर उभी होती, कारण कुठेही बसलं तरी पंचाईत. गुरुवारच्या थापेबद्दल तिने सकाळपासून नवऱ्याशी अबोला धरला होता. समितीच्या अध्यक्षबाईंनी अहवाल वाचायला सांगितला. अभियंता उठला आणि चक्क त्याचा आवाज निघाला.

"दवाखान्यांची इमारत या जागी व्हायला हरकत नाही."

उजवीकडे टाळ्या पडल्या. सासरे डावीकडे बघून मिशीत हसले.

"मात्र समोरच्या रस्त्यावर तिचं फाटक अजिबात असू नये. तिथे वाहतूक तुंबते. हे प्रत्यक्ष पाहिलेलं आहे."

डावीकडे टाळ्या पडल्या. सासूबाईंनी काळा चष्मा काढून जावयाकडे मायेने पाहिलं. लग्नानंतर प्रथमच.

"फाटक मागच्या गल्लीत असावं. तिथून कितीही गाड्या गेल्या तरी अडत नाही. हेही प्रत्यक्ष पाहिलेलं आहे."

या वेळी कुठूनच टाळ्या पडल्या नाहीत. मागच्या गल्लीला लागून कोणाचं काय आहे, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सासऱ्यांची दुपारच्या झोपेची खिडकी तिथे होती. सासूबाईंची कपडे वाळत घालायची दोरी तिथे होती. अभियंत्यालाही ते ठाऊक होतं. काल सही करताना त्याचं पेन एवढ्यासाठीच क्षणभर अडखळलं होतं.

"आमचा आक्षेप आहे!" डावीकडून आवाज आला.

"आमचासुद्धा!" उजवीकडून आला. बसका, पण करडा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सासूबाई उठून सरळ उजवीकडे गेल्या आणि नवऱ्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या. "अहो, ऐकलंत ना काय म्हणाला तो?" त्या म्हणाल्या. मीठ-साखर सोडून दुसरं वाक्य त्या घरात पुष्कळ दिवसांनी बोललं गेलं.

अध्यक्षबाईंनी अहवाल मान्य केला. ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी मागच्या गल्लीची स्वतःची मोजणी आणून द्यावी, मग बघू, असंही सांगितलं. साहेबांनी अभियंत्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या कामाची फाईल दिली.

सोमवारी सकाळी बायकोने अबोला सोडला.

"आई-बाबा दोघं मिळून बाहेर पडलेत. डबा घेऊन. फोनवर आई गाणं गुणगुणत होती."

"अरे वा! कुठे गेलेत?"

"जाऊन बघा."

अभियंता सासुरवाडीच्या मागच्या गल्लीत शिरला. कपड्यांच्या दोरीखाली त्याची घडीची खुर्ची मांडली होती. तीवर सासूबाई, चमकणारं जाकीट घालून. शेजारी स्टुलावर पाय लांब करून सासरे. मोजणीचं यंत्र नव्हतं म्हणून वाटीतले शेंगदाणे एकेक करून दुसऱ्या वाटीत पडत होते आणि मधूनच एखादा सासऱ्यांच्या तोंडात जात होता.

"बाबा, तुम्ही गाड्या खाताय," अभियंत्याच्याने राहवलं नाही.

"ए, बाजूला हो बघू," सासऱ्यांनी शिट्टीकडे हात नेला.

"खरंच सरका, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही मध्ये उभे राहिलात की गाड्या थांबून बघतात. आम्हाला साधा दिवस हवाय."