बंदर क्रमांक ३३०६

मासेमारीचा हंगाम सुरू झाला आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर बोटींचे परवाने देणारी वेबसाइट बंद पडली, ही बाब रेवसच्या किनारा परवाना कक्षाने अतिशय गांभीर्याने घेतली. स्क्रीनवर एकच ओळ येत होती : 'डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही.' पंखा मात्र फिरत होता. म्हणजे दोष विजेचा नव्हता, एवढं कक्षाने पहिल्याच बैठकीत निश्चित केलं.

खिडकीपाशी दादू नाखवा उभा होता. "परवाना न्हाय तर डिझेल न्हाय, मॅडम. बोट खाडीत नुसती उभी हाय. घरातल्यांनी खायाचा काय?"

"प्रक्रिया सुरू आहे," कक्षाधिकारी निवेदिता गद्रे म्हणाल्या. बाई खोटं बोलत नव्हत्या. प्रक्रिया खरंच सुरू होती. परवानेच तेवढे बंद होते.

शेवटी वेबसाइट बनवणाऱ्या रितेशला नवी मुंबईत फोन गेला.

"मॅडम, सर्व्हर बदलला तेव्हा जोडणीची स्क्रिप्ट तुमच्याच ऑफिसने भरली ना? पोर्टच्या पुढे काय टाकलंय?"

"रेवस."

"काय?"

"पोर्ट म्हणजे बंदर. आमचं बंदर रेवस. स्पेलिंगसुद्धा तपासून घेतलंय."

"अहो मॅडम, ते बंदर नाही हो! डेटाबेसचा दरवाजा समजा. तिथे नंबर लागतो. ३३०६ टाका, विषय संपला."

"या क्रमांकाचं बंदर शासनाच्या यादीत नाही. उद्या ऑडिट आलं तर उत्तर द्यायला तू येणार आहेस?"

"टाका ना मॅडम, चल जायेगा."

"चल जायेगा हा शेरा फाइलवर मारता येत नाही," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

तात्पुरता उपाय म्हणून 'मांडवा' टाकून पाहिलं, कारण तिथल्या बोटी जलद जातात. जोडणी झाली नाही. मग बंदर क्रमांक ३३०६ रीतसर घोषित करण्याचा प्रस्ताव वर गेला आणि, आश्चर्य म्हणजे, मंजूर होऊन खालीही आला. अडचण जागेची होती. किनाऱ्यावर सरकारी जमीन शिल्लक नव्हती; ती माणगावला, हायवेलगत निघाली. समुद्र नव्हता, पण पार्किंग प्रशस्त होतं. फलक लागला, नारळ फुटला, स्क्रिप्टमध्ये ३३०६ पडलं आणि वेबसाइट क्षणात चालू झाली. कक्षाने पेढे वाटले. पद्धत चुकीची असती तर जोडणी झाली असती का?

पहिला परवाना दादूला मिळाला. 'सदर बोट फक्त बंदर क्र. ३३०६, माणगाव येथूनच समुद्रात सोडावी.'

"मॅडम, माणगावला दर्या कुठं हाय?"

"परवाना मिळाला ना? दर्या हा विषय आमच्या कक्षाकडे येत नाही."

दादूला हसावं की रडावं ते कळेना. पण डिझेल हवं होतं, आणि परवान्यावर बंदराचा शिक्का नसेल तर डिझेल नाही. त्याने बोट ट्रेलरवर चढवली.

तेव्हा गोवा हायवेवर एखादी होडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली दिसली, तर खुशाल हसा. पण तिच्या मागे हॉर्न वाजवत तुम्ही स्वतः कुठल्या दाखल्यावर कुठला शिक्का मारून घ्यायला निघाला आहात, ते आधी सांगा.