सात नंबरचं ठाणं आणि हत्तीची बंदूक

इल्पो हक्कराइनेनने आयुष्यात घेतलेले सगळे मोठे निर्णय चुकले, असं त्याची बायको रायली म्हणते. त्यातला एक निर्णय ती स्वतः आहे, हे तिच्या लक्षात येत नाही. (इल्पोच्या आलंय. पण तो बोललेला नाही, म्हणूनच संसार सव्वीस वर्षं टिकला.)

बंदूक घ्यायचा निर्णय मात्र बरोबर होता. चुकली ती बंदूक.

त्याचं असं झालं. आमच्या रुओकोवारा गावात ऑक्टोबर लागला की मूसच्या शिकारीला टोळी निघते. मूस म्हणजे घोड्याहून उंच जनावर. एक पडलं तरी अर्ध्या गावाचे फ्रीजर भरतात. टोळीतले मानकरी बंदुका घेऊन आपापल्या नंबराच्या ठाण्यावर गुपचूप बसतात. उरलेले दलदलीतून चिखल तुडवत, घसा फाडून ओरडत, मूसला त्यांच्याकडे हाकतात. नगरपालिकेच्या पाणी खात्यात कारकून असलेला इल्पो गेली अकरा वर्षं ओरडत होता. त्याच्याबरोबर ओरडायला लागलेले एकेक करून ठाण्यांवर गेले. एकाला तर ओरडायला त्यानेच शिकवलं होतं, तोही गेला.

या वर्षी सात नंबरच्या म्हाताऱ्या कालेर्वोचा गुडघा कामातून गेला. टोळीचा म्होरक्या आर्ने इल्पोला किराणा दुकानाच्या दारात भेटला आणि म्हणाला, "रायफल घे. परीक्षा पास हो. सात नंबर तुझा." आर्नेच्या मानाने हे भाषणच होतं.

इल्पोने पोलिसांचा परवाना काढला आणि तो कायानी शहरातल्या बंदुकीच्या दुकानात गेला. तिथे हातमोज्यांच्या फळीपाशी पेंटी उभा. पेंटी आठ नंबरच्या ठाण्याचा मानकरी, टोळीतला सगळ्यात जुना नेमबाज.

"मूससाठी ना?" दुकानातल्या बाईने एक सडपातळ रायफल काढली. "ही साडेसहा मिलिमीटरची. हलकी, धक्का कमी. बहुतेकांना पुरते."

इल्पोने रायफल खांद्याला लावून पाहिली. छान बसली. त्याने हळूच पेंटीकडे बघितलं.

"हं," पेंटी म्हणाला.

आता आमच्या गावात कुणी कुणाला न मागता सल्ला देत नाही आणि मागायची तर लाजच वाटते. त्यामुळे माणसाला 'हं'वरूनच काय ते ओळखावं लागतं. इल्पोने ओळखलं, की ही बंदूक बायकापोरांची आहे.

"यापेक्षा मोठी?" त्याने विचारलं.

बाईने मोठी काढली. पेंटीने एक हातमोजा घालून पाहिला आणि म्हणाला, "हं."

"आणखी मोठी?"

तीन 'हं' झाल्यावर काउंटरवर जी बंदूक आली, तिची काडतुसं इल्पोच्या मधल्या बोटाएवढी होती. तीनशे पंचाहत्तर बोअर.

"ही आफ्रिकेत हत्तीला वापरतात," बाई जरा काळजीने म्हणाली. "आमच्याकडे चुकून आली होती. चार वर्षं पडून आहे."

"द्या," इल्पो म्हणाला.

या वेळी पेंटी 'हं'सुद्धा म्हणाला नाही. इल्पोला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी गावाच्या नेमबाजीच्या मैदानावर कुणी नाही असं बघून त्याने पहिली गोळी झाडली. ती कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. बंदुकीने खांद्याला अशी लाथ घातली, की इल्पो होता तिथून दीड हात मागे जाऊन बसला. वर बंदुकीच्या दुर्बिणीने भुवईवर चंद्रकोर काढली ती वेगळीच. त्याने मनात म्हटलं, पहिली वेळ आहे, सवय होईल. दुसरी गोळी झाडली. सवय झाली नाही. तिसऱ्या वेळी त्याने बंदूक भीतभीत खांद्यापासून दोन बोटं लांब धरली, म्हणजे लागणार नाही. (पाणी खात्यात डोकं फार चालवावं लागत नाही.) त्या दोन बोटांच्या अंतरात बंदुकीला चांगली धाव घ्यायला मिळाली.

घरी आला तेव्हा खांदा काळानिळा झाला होता, आणि त्या दिवशी होता शनिवार. शनिवारी संध्याकाळी नवरा-बायको सौनात, म्हणजे घरच्या वाफेच्या खोलीत, बसणार, हे आमच्याकडे ठरलेलंच. आणि सौनात कपडे घालून कुणी बसत नाही.

"आज मी सौना नाही घेत," इल्पो म्हणाला.

रायलीच्या हातातली बादली खाली पडली. "काय म्हणालास?"

"जरा... मूड नाही."

रायलीने त्याच्या कपाळाला हात लावला. नाडी पाहिली. मग फोन उचलून बहिणीला म्हणाली, "सिस्को, इल्पो सौना नको म्हणतोय. हो ना गं! त्याच्या वडिलांनीही शेवटी असंच केलं होतं. तू ये बाई."

इल्पो घाबरून सौनात जाऊन बसला. निखाऱ्यांवरच्या दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली, आणि वाफ विरल्यावर रायलीला खांदा दिसला.

"हे काय?"

"दाराला आपटलो."

"दार बंदुकीच्या दस्त्याएवढं होतं?"

मग सगळं बाहेर आलं. रायली गाईगुरांच्या घरातली. वडिलांच्या मागे फिरून शिकार शिकलेली आणि अजूनही दरवर्षी शिकारीचं कार्ड न चुकता काढणारी. ती हसेल असं इल्पोला वाटलं होतं. ती हसली नाही, त्याने त्याला जास्तच लागलं.

"परत दे ती बंदूक, इल्पो."

"आणि पेंटीला काय सांगू? अकरा वर्षं, रायली! अकरा वर्षं मी त्या दलदलीत कमरेपर्यंत भिजतोय. मला एकदा तरी सात नंबरला बसायचंय."

रायलीने त्याच्या खांद्याला मलम तेवढं लावलं.

परीक्षा गुरुवारी होती. पाऊणशे मीटरवर मूसचं चित्र, त्यावर ताटाएवढं वर्तुळ, दीड मिनिटात चार गोळ्या. सगळी टोळी कॉफीचे कप आणि वेलचीचा पाव घेऊन बाकांवर बसली होती, टोकाला रायलीही. इल्पोने तयारी केली होती. कोटाच्या आत, खांद्याशी, रायलीचा ओव्हनचा हातमोजा ठासला होता. (ओव्हनचा ताप सोसतो, मग हाही सोसेल.)

पहिली गोळी वर्तुळात बसली! बाकावरून कुणीतरी कप खाली ठेवला. आमच्याकडे ही दादच. दुसरी गोळी चापाशी बोट जाताच डोळे मिटल्यामुळे मातीत गेली. धक्क्याने हातमोजा सरकत सरकत कोटाच्या बाहीतून बाहेर आला. त्यावर लाल अक्षरांत 'आजीचं स्वयंपाकघर' असं लिहिलं होतं. इल्पोने घाईघाईत काडतूस भरायचा बोल्ट ओढला, अर्धाच ओढला, त्यामुळे नवं काडतूस आत गेलंच नाही. त्याने नेम धरला, दात आवळले आणि चाप ओढला.

टिक.

नुसतं टिक. गोळी नाही, आवाज नाही. आणि इल्पो "आई गं!" करून दोन पावलं मागे धडपडला आणि खांदा चोळत उभा राहिला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आर्नेने पाव कॉफीत बुडवला आणि तो तसाच विरघळून खाली पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"वेळ संपली," परीक्षक म्हणाले. "नापास. पुन्हा प्रयत्न करणार?"

इल्पोने मान हलवली. नाही. त्याला तिथून फक्त निघून जायचं होतं, जमलं तर जमिनीत.

"दे इकडे," रायली म्हणाली. "मी बघते काय भानगड आहे ती."

तिने कार्ड दाखवलं, फी भरली, बंदूक उचलली आणि दस्ता खांद्यात घट्ट रुतवला. अंग पुढे झुकवलं, लाथाळ गाईच्या धारेला बसावं तसं. धडाम. धडाम. धडाम. धडाम. परीक्षक वर्तुळ बघून आले. चारही आत.

"कशी आहे?" आर्नेने विचारलं.

"जरा ढकलते," रायली म्हणाली.

पेंटी इल्पोशेजारी येऊन उभा राहिला. "दुकानातली पहिलीच चांगली होती," तो म्हणाला. "माझ्याकडे तीच आहे."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"विचारलं नाहीस."

आर्नेने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सात नंबर. रायली."

घरी येताना गाडीत, तळ्याच्या वळणावर रायली म्हणाली, "तुला वाईट वाटत असेल तर मी नाही म्हणते आर्नेला. खरंच."

इल्पोला वाईट वाटत होतं. फार वाटत होतं. पण त्याला तिचे ते चार धडाम आठवले, आणि खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीही होती.

"तू बस तिथे," तो म्हणाला. "कुणीतरी आपल्या घरातलं बसू दे."

"आहे काय एवढं सात नंबरला?"

"दगड आहे. बसायला. कोरडा."

रायलीला हसू आवरेना. मग त्यालाही.

पहिल्या शिकारीला इल्पो बाराव्यांदा दलदलीत उतरला, या वेळी बरोबर फक्त आर्नेची म्हातारी कुत्री, तिचं नाव हल्ला. पण इल्पो असा ओरडला, असा ओरडला, की पलीकडच्या गावातून फोन आले. मूस बिचारा धडपडत थेट सात नंबरकडे गेला. एक धडाम झाला आणि टोळीच्या वॉकी-टॉकीवर रायलीचा आवाज आला, "पडला."

सगळे जमले. रायलीने चिखलाने माखलेल्या इल्पोला सगळ्यांसमोर मिठी मारली, जे आमच्या गावात लग्नातही होत नाही. मग आर्ने घसा खाकरून पुढे आला.

"नेमबाज कुठेही मिळतात," तो म्हणाला. "असा ओरडणारा मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. आजपासून तू मुख्य हाकेवाला."

इल्पोचे डोळे भरून आले. हे पद टोळीत आजवर कुणालाच मिळालेलं नव्हतं. त्याने टोपी नीट केली, ताठ उभा राहिला आणि शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "माझ्या हाताखाली किती जण?"

आर्नेने जमलेल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"हल्ला," तो म्हणाला. "पण तिला अजून विचारलेलं नाही."