घरातल्या धुळीचा उगम

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि त्यानंतर महिनाभर त्या निडीहून आमच्याकडे पेणला राहणार, हेही ठरलं. हे ठरत होतं तेव्हा मी घरातच होतो, पण मला विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. डोळ्याला धूळ लागू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले मात्र, माझ्या बायकोने, मालूने, घर पुसायला काढलं. म्हणजे काढलं तिने, पुसत मी होतो.

मी रोह्याला एमआयडीसीत चिप बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. (चिप मोबाइलमधली, बटाट्याची नव्हे. हे नातेवाइकांना सांगून सांगून दमलोय.) त्या चिपवरच्या रेघा इतक्या बारीक, की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. डोळ्याला न दिसणारा कण जरी पडला तरी माल बाद. म्हणून कंपनीत हवेतले कण मोजायचं यंत्र असतं, हातात मावेल एवढं. ते पनवेलला तपासून आणायचं काम शनिवारी माझ्या गळ्यात पडलं. परतताना पेण आधी लागतं आणि रोहा नंतर. अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, सोमवारी नेऊ. उद्या जरा घरातली हवा मोजू, घर स्वच्छ आहे हे मालूला आकड्यात दाखवू आणि पंखे पुसायला काढलेलं ते स्टूल एकदाचं आत ठेवू.

रविवारी चहा झाल्यावर हॉलमध्ये यंत्र लावलं. आकडा आला तो लाखातला.

"हे जास्त हाय का?" मालूने विचारलं.

कंपनीच्या मानाने जास्त, पण घराच्या मानाने ठीक, असं मी सांगितलं. त्यातलं 'जास्त' तेवढं तिने ऐकलं. मग यंत्र माझ्या हातातून घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. तिथे आकडा कमी. झोपायच्या खोलीत आणखी कमी. मी मागोमाग गेलो, तर आकडा वर. ती थांबली. मला कोपऱ्यात उभं केलं आणि लांब गेली, आकडा उतरला. जवळ आली, चढला. मला बसवलं, उठवलं, हात हलवायला लावले. हात हलवल्यावर तर यंत्राने कमालच केली.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण यंत्र बिघडलंय म्हणायची सोय नव्हती, कालच तपासून आणलेलं. म्हणून मी शास्त्र सांगायला गेलो. म्हटलं, अगं, हे असंच असतं. माणसाच्या कातडीतून, केसांतून, कपड्यांतून सारखे कण झडतात, म्हणून तर कंपनीत लोकांना डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये बांधून आत सोडतात.

"म्हणजे तुम्हाला म्हायती होतं," मालू शांतपणे म्हणाली. "आणि मी पंखे पुसून घेत बसले."

(तिचेही कण झडत असणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. वीस वर्षांच्या संसाराने ते तिथेच अडवलं.)

एवढ्यात शेजारच्या फ्लोराबाई पेणकर विरजण मागायला आल्या. सगळं ऐकल्यावर विरजण राहिलं बाजूला, त्या नवऱ्यालाच घेऊन आल्या. अब्राहमकाका म्हणजे निवृत्त शिक्षक, स्वभावाने गरीब. यंत्रासमोर मूर्तीसारखे बसले. त्यांचा आकडा माझ्या निम्म्यानेही आला नाही. जाताना माझ्या कानात हळूच म्हणाले, "श्वास रोखून धरला होता. तुम्हीही धरून बघा." मी धरून बघितला. खोकला आला, आणि आकडा कुठल्या कुठे गेला.

मला बाल्कनीत बसवण्यात आलं. दार आतून लावलं. चहा खिडकीतून मिळाला. आत मालू निडीला फोन लावून आईला सगळं समजावत होती. काचेतून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. 'नाय गो आई, पुसून जाणारं नाय ते,' एवढं स्पष्ट ऐकू आलं. खरं सांगतो, मनातून मला बरं वाटायला लागलं. इतक्या धुळीच्या घरात सासूबाई कशाला येतील? महिनाभर निवांत.

मालूने दार बोटभर उघडलं.

"आई येतेय," ती म्हणाली. "तुम्ही महिनाभर निडीला तिच्या घरी ऱ्हावा. रोहा पण जवळ पडंल."

माझ्यामुळे सासूबाईंचं घर खराब होईल त्याचं काय, असं मी अगदी पडेल आवाजात विचारलं.

"तिथं गोठा हाय," मालू म्हणाली. "कुणाच्या ध्यानात यायचं नाय."