लोवेलच्या पोटाशी बांधलेली बरणी

लोवेलने चावी फिरवली. पिकअपने एकदा "हुं" केलं आणि ती पुन्हा गाढ झोपली. त्याने चार वेळा प्रयत्न केला, स्टिअरिंगला थोपटलं, लाडीगोडी लावली आणि शेवटी तोंड पाडून घरात आला.

"डार्ला, गाडी चालू होत नाहीये."

"होईल कशी?" बायको कमरेवर हात ठेवूनच उभी होती. "रात्री इंजिनाच्या हीटरची वायर कुणी काढली?"

अलास्कात थंडीच्या रात्री गाडीच्या इंजिनाला विजेची ऊब द्यावी लागते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लोवेललाही कळत होतं. पण अंगणात प्लग एकच, आणि शेडमध्ये त्याची नवी कोरी जाड टायरांची सायकल कुडकुडत होती. त्याला राहवेना. त्याने गाडीची वायर काढली आणि सायकलीशेजारी हीटर लावून दिला.

"उद्या मलाही अंगणात झोपव आणि तिला घे पांघरुणात!" डार्ला कडाडली. "आता हे आईकडे कसं पोचवायचं?"

हे म्हणजे ओट्यावरची बरणी. बरणीत सासूबाईंचं आंबवण, म्हणजे पीठ फुगवायचं विरजण होतं, त्यांच्या आजीने सोन्याच्या नादाने इकडे येताना आणलेलं. तेव्हापासून रोज थोडं पीठ खाऊन ते जिवंत होतं. आज गावच्या हिवाळी जत्रेत पॅनकेकची स्पर्धा. सासूबाई, म्हणजे बर्निसबाई, पहाटेच तवे घेऊन हॉलवर गेल्या होत्या. हॉल रात्रभर गारठलेला असतो, आंबवण मरायचं, म्हणून त्यांनी बरणी मागे ठेवली होती. "शेगडी तापली की घेऊन ये," असं जावयाला बजावलं होतं. सलग तीन वर्षं पहिलं बक्षीस आयडेल ओडेगार्डने नेलं होतं, आणि तेव्हापासून बर्निसबाई तिच्याकडे बघून फक्त दात दाखवत असत.

"सायकलवरून नेतो," लोवेल म्हणाला. "गोठलेल्या नदीवरच्या वाटेने अर्ध्या तासात पोचतो."

"आई काय म्हणते तुझ्या सायकलीला?"

"खेळणं म्हणतात."

"मग आज काही झालं ना, तर तू आणि तुझं खेळणं, दोघेही शेडमध्ये राहायचं!"

डार्लाने बरणी त्याच्या बनियनवर, पोटाशी मफलरने करकचून बांधली. डार्लाच्या पणजीबाईंनीही म्हणे अख्खा हिवाळा ती अशीच उराशी धरून काढला होता. सांडू नये म्हणून लोवेलने झाकण आणखी दोन पिळे आवळलं. इथेच खरी गफलत झाली.

सुरुवातीला मजा आली. बर्फगाड्यांनी दाबलेल्या कडक वाटेवर सायकल लोण्यावरून जावी तशी चालली होती. वळणावर मात्र एक मूस हरणी आडवी उभी होती. चांगली दीड म्हशीएवढी, फांद्या चघळत.

"बाई गं, जरा सरकतेस का?" लोवेलने हात जोडले.

बाईने कान मागे पाडले. असे कान पडले की शहाणा माणूस वाद घालत नाही. लोवेलने टायरांतली बरीचशी हवा सोडली, म्हणजे ती भुसभुशीत बर्फात रुतणार नाहीत, आणि लांबचा वळसा घेतला. रुतली नाहीत खरी, पण पॅडल मारता मारता त्याला आई आठवली. घामाच्या धारा लागल्या. एवढी ऊब, एवढी घुसळण, वर घट्ट झाकण! पोटाशी गुडगुड सुरू झाली. मग "फट्" आवाज आला आणि काहीतरी गरम, चिकट बेंबीकडे सरकू लागलं.

थांबावं, तर घाम गार होऊन आंबवण गोठणार. जॅकेट उघडावं, तर लगेच गोठणार. पॅडल मारत राहावं, तर ऊब वाढून ते आणखी फुगणार. लोवेल रडकुंडीला येऊन पॅडल मारत राहिला. जॅकेट टम्म फुगलं.

समोरून कुत्र्यांची घसरगाडी घेऊन गस येत होता. त्याने लोवेलला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कितवा महिना रे?"

"बाजूला हो, गस! कळा सुरू झाल्यात!"

हॉलच्या दारात बर्निसबाई घड्याळाकडे बघत उभ्याच होत्या.

"आलात, जावईबापू? बरणी कुठाय?"

लोवेलने जॅकेटची चेन उघडली. बनियन, मफलर, पँटचा पट्टा, सगळीकडे पीठच पीठ.

"आई, माझं चुकलं," त्याने कान पकडले. "तुमच्या आजीचं सगळं... मी घालवलं हो."

बर्निसबाईंनी त्याच्या छातीवर बोट फिरवलं. वास घेतला. बोटावर एक बारीक बुडबुडा फुटला, आणि त्यांचे डोळे पाणावले.

"जिवंत आहे! हात वर कर, मेल्या!"

त्यांनी उलथन्याने त्याला खरवडून काढलं.

"हे नियमात बसतं का?" आयडेल किंचाळली.

"भांडं कसलं हवं, ते नियमात कुठंय?" असं म्हणत बर्निसबाईंनी अंडं फोडलंसुद्धा.

परीक्षक म्हणजे गावचे निवृत्त वैमानिक. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. "तीस वर्षं पॅनकेक खातोय," ते म्हणाले, "पण ही चव! खारट म्हणावी तर खारट नाही. यात माणसाची मेहनत उतरली आहे." लोवेलने तोंड उघडलं, तोच मागाहून गसच्या घसरगाडीवरून येऊन पोचलेल्या डार्लाने त्याच्या पायावर बूट ठेवला. पहिल्या बक्षिसाची निळी रिबन बर्निसबाईंच्या छातीवर लागली. आयडेलने तीन प्लेटी खाल्ल्या आणि मसाला कोणता तो काही तिला ओळखता आला नाही.

पुढच्या शनिवारी सकाळीच बर्निसबाई मुलीच्या दारात हजर. काखेत भरलेली बरणी. उद्या चर्चमध्ये दोनशे माणसांचा नाश्ता होता. लोवेल नुकताच खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराकडे निघाला होता. सासूबाईंनी तो टॉवेल ओढून घेतला आणि बरणी त्याच्या हातात दिली.

"आंघोळ उद्या दुपारी कर, बाळा," त्या इतक्या मायेने पहिल्यांदाच बोलल्या. "आधी नदीवर दोन फेऱ्या मारून ये. आणि चढाच्या वाटेने जा हं!"